पदकावरचं नाव वेगळं, माणूस आपलाच

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतलेच नाहीत. त्यांचं चांदीचं पदक नंतर गावी आलं. कडेवर 110 मराठा पलटण वाचता येते, पण नाव भलत्याचंच! आजी म्हणायची, ‘ते दुसऱ्याच नावाने भरती झाले होते.’ गाव दापोली तालुक्यातलं. पदक त्यांचंच का? शोध कुठे घ्यायचा?
– एक वाचक भगिनी, लालबाग

उत्तर : ताई, आजीचं बोलणं खोटं धरू नका. सरकारी दप्तरात नोकरी केल्यामुळे मला एक सवय लागली आहे, नाव जुळलं नाही की आधी वारस बघायचा. पदक तुमच्या गावी, तुमच्याच घरी पोचलं ना? म्हणजे पलटणीच्या कागदांत वारसाचा पत्ता बरोबर होता. शिपाई नाव बदलेल, पण आपल्या माघारी पैसा कुणाच्या हाती पडावा हे तो खोटं कशाला सांगेल?

नाव बदलायला कारणं पुष्कळ होती. वय कमी असायचं, घरच्यांचा विरोध असायचा, कुणी आधीच्या पलटणीतून पळून आलेला असायचा. जात हेही कारण असू शकतं आणि ते कुजबुजत सांगायची गरज नाही. 1890च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पिढ्यानपिढ्या लढलेल्या माणसांना सरकारने दारातून परत पाठवलं, हा अन्यायच होता. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1910 मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, तरी 111 महार पलटण उभी राहायला 1917 उजाडलं. तुमच्या घरी नेमकं काय घडलं ते मी इथून ठरवणार नाही. पण कारण कोणतंही निघो, त्यात पणजोबांची लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता पदक हातात घ्या. ते चिंचेने किंवा पावडरीने अजिबात घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. बॅटरी तिरपी धरून भिंगातून कड वाचा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. यातला नंबर सगळ्यात मोलाचा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था, हिच्या संकेतस्थळावर पदकावरचंच नाव, नंबर आणि पलटण घालून शोधा, पैसे पडत नाहीत. भारतीय शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, रत्नागिरी’ असं लिहिलेलं सापडतं. बापाचं नाव आणि गाव जुळलं, की मला शंका उरणार नाही. 110 मराठा मेसोपोटेमियातल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती. 29 एप्रिल 1916ला तिथली ब्रिटिश फौज शरण गेली आणि पुढे कैदेत असंख्य माणसं मेली. म्हणून मृत्यूची तारीख त्यानंतरची निघाली तर बिचकू नका.

गावी जमीन असेल तर तहसील कचेरीत जुने फेरफार काढा. पणजोबा वारल्यावर वारसांची नावं चढली असतील, तिथे त्यांचं खरं नाव असेल. ती नक्कल आणि पदकाचे फोटो कमिशनला पाठवा. पुरावा पटला तर भरतीच्या नावासोबत खरं नावही नोंदवतात. पदकावरचं नाव मात्र कुणाकडून खोडून घेऊ नका, कारण फौजेच्या कागदांत तुमचे पणजोबा त्याच नावाने सापडणार आहेत.