स्टेज वाढली नव्हती, मोजायची पट्टी बदलली होती

"मॅडम, आईला आत बोलवायच्या आधी पाच मिनिटं मला द्या की." नातेवाईक असा एकटा आत आला की मी ओळखते, रिपोर्टमधला एकेक शब्द मोबाइलवर शोधून झालेला आहे आणि रात्री झोप झालेली नाही.

हा मुलगा करवीर तालुक्यातला, घरचं गुऱ्हाळ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई ६२ वर्षांच्या. गावात सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर त्यांच्या अंगावरून लाल जायला लागलं. उष्णता झाली असेल म्हणून चार महिने सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पिऊन काढले. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरांना दाखवा, हे मी प्रत्येक महिला मेळाव्यात सांगते. बहुतेकींना कॅन्सर निघत नाही, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आक्कांना निघाला. गर्भाशयाच्या अस्तराचा, सीरस प्रकारचा. ऑपरेशन झालं आणि सुरुवातीच्या कागदावर १ए लिहून आलं. पहिलीच स्टेज, म्हणून घरानं सुटकेचा श्वास सोडला. पंधरा दिवसांनी पुरवणी रिपोर्ट आला: पी५३ अ‍ॅबनॉर्मल, म्हणजे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी५३ नावाचं जनुक (जीन) बिघडलेलं, आणि स्टेजच्या जागी २सीएम.

"पंधरा दिवसांत एकाची दोन झाली. गर्भाशय काढल्यावर पण वाढलं काय ओ? आणि हे जीनमध्ये आहे म्हटल्यावर आता औषध तरी कशाला द्यायचं?"

हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांतून आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आक्कांचा कॅन्सर वाढला नव्हता. स्टेज ठरवायची 'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पद्धत २०२३ मध्ये बदलली. २००९च्या पद्धतीत गाठ कुठवर पोचली एवढंच बघायचे. नव्या पद्धतीत गाठीचा प्रकार आणि जनुकीय स्वभावही धरतात. कॅन्सर गर्भाशयातच आहे, पण स्नायूच्या थरात थोडाही शिरलाय आणि पी५३ बिघडलंय, तर २सीएम लिहितात. पहिला कागद जुन्या पट्टीनं मोजलेला होता, दुसरा नव्या. शरीरात तेच होतं, जे ऑपरेशनच्या दिवशी होतं. हे एक वाक्य कागद हातात देतानाच कुणी सांगितलं असतं तर या घराचे आठ दिवस वाचले असते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता जीनचं. २०१३ साली अमेरिकेतल्या 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास' प्रकल्पानं अशा ३७३ गाठींचा अभ्यास करून त्यांचे चार गट पाडले. पोल नावाच्या जनुकात ठरावीक बिघाड असलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसतात, पण क्वचितच उलटतात. सुरुवातीच्या स्टेजला तर पुढचे उपचार टाळण्याचाही विचार होतो. दुसऱ्या गटात डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिनं गायब असतात. तिसऱ्यात ठळक असं काही सापडत नाही. चौथा पी५३चा, आणि तो सगळ्यांत आडदांड. हे मी मुलापासून लपवलं नाही. खोटा धीर दिला की पुढच्या खऱ्या शब्दावरही माणसं विश्वास ठेवत नाहीत.

तो आणखी एका गोष्टीला घाबरला होता. इचलकरंजीला दिलेली बहीण रडत होती, "माझ्यात पण असंल." पण ही तपासणी आक्कांच्या रक्ताची नव्हती, गाठीची होती. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. त्याचा पातळ काप घेऊन रंगवतात. पी५३ ठीक असेल तर रंग कुठं गडद, कुठं फिका बसतो. बिघडलं असेल तर बहुतेक वेळा सगळ्या पेशी एकसारख्या गडद तपकिरी दिसतात, नाहीतर रंग अजिबातच धरत नाहीत. हा बिघाड बहुतेक वेळा गाठीतच तयार झालेला असतो, आईनं लेकीला दिलेला नसतो. दुरुस्तीची प्रथिनं गायब असती तर मात्र मी घराण्याची सगळी चौकशी केली असती, कारण त्यातल्या काही घरांत लिंच सिंड्रोम, म्हणजे पिढीजात येणारा कॅन्सरचा धोका, निघतो. त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सरही पुढच्या पिढीत येऊ शकतो. मग रक्ताची तपासणी लागते. आक्कांची ती प्रथिनं शाबूत होती. तरी घरात कमी वयात कुणाला कॅन्सर झाला का, हे मी विचारलंच. कुणालाही नव्हता.

"मग टक्के किती?" शेवटी त्यानं विचारलं.

पूर्वी मी असा आकडा लगेच सांगून मोकळी व्हायचे. एका बाईंनी तो ऐकला आणि त्यापुढचं काहीच ऐकलं नाही. तेव्हापासून मी आधी विचारते, आकडा कशासाठी हवाय? हा म्हणाला, "केमो द्यायची का नको ते ठरवायला." मग सांगितलं. पोर्टेक-३ नावाच्या, नुसतं रेडिएशन आणि रेडिएशनसोबत केमो यांची तुलना करणाऱ्या अभ्यासातल्या गाठी नंतर या चार गटांत विभागून पाहिल्या, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. पी५३ गटात नुसतं रेडिएशन घेतलेल्या बायकांपैकी ३६ टक्के पाच वर्षं कॅन्सर न उलटता राहिल्या. रेडिएशनबरोबर केमो घेतलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के होतं. त्यात तिसऱ्या स्टेजच्याही बायका होत्या, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आक्कांना लावता येत नाही. पण ज्या रिपोर्टला बघून तो "औषध कशाला" म्हणत होता, केमोचा सगळ्यांत जास्त फायदा त्याच गटात दिसला होता.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईला यातलं काय सांगू नका."

मी म्हटलं, "केमो त्यांना घ्यायचीय, तुम्हाला नाही." आक्कांना आत बोलावलं. काय माहीत आहे, विचारलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "पोरगं तोंड लपवतंय म्हणजे वाईट आहे. मी गप्प बसलो एवढंच." गाठ जरा आडदांड आहे, हे गाठीच्या स्वभावावरून कळलंय आणि त्यानुसार औषध जोरात द्यायचं आहे, असं मी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे गुळव्या रस बघून जाळ ठरवतो तसं. ऊस खारा लागला म्हणून कोण काहील उलथून टाकत नाही." मुलगा पहिल्यांदा आईकडे नीट बघत होता.

केमो आणि रेडिएशन दोन्ही पार पडलं. केस गेले, पायाला मुंग्या यायच्या, दोन वेळा रक्त कमी झालं म्हणून तारीख पुढे गेली. आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात, लेकीला बरोबर घेऊन. परत अंगावरून लाल गेलं, पोट फुगलं किंवा ओटीपोटात दुखायला लागलं तर तारखेची वाट बघायची नाही, हे दोघींना पाठ आहे.

आक्कांनी टक्के अजून विचारलेले नाहीत. विचारतील तेव्हा सांगेन.