पीएचडीवाल्यांसाठी विद्यापीठात आठवडाभर करिअर आणि नेटवर्किंगचा कार्यक्रम आहे. प्रयोग बाजूला ठेवून जावं का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: इंग्लंडमध्ये रसायनशास्त्राच्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. विद्यापीठाने संशोधक विद्यार्थ्यांसाठी आठवडाभराचा कार्यक्रम ठेवलाय, दिवसा करिअरवर व्याख्यानं आणि संध्याकाळी नेटवर्किंग. सुपरवायझर म्हणतात "वेळ असेल तर जा", आणि तुम्हाला मात्र अनोळखी लोकांशी मुद्दाम ओळख वाढवणं म्हणजे वशिला लावल्यासारखं वाटतं.

जाच. पूर्ण आठवडा लॅबला कुलूप लावायची गरज नाही, पण दोन-तीन सत्रं निवडून आणि थोडी तयारी करून जा. मी उत्तर इंग्लंडमध्ये मटेरियल्स केमिस्ट्रीत पीएचडी केली, आता पेटंटच्या कामात आहे, आणि असं काही काम असतं याचा पत्ता मला अशाच एका आठवड्यात लागला. म्हणून जरा पोटतिडकीने लिहितेय.

आधी ते ‘वेळ असेल तर’. हा आठवडा म्हणजे संशोधनातून काढलेली सुट्टी, असं पुष्कळांना वाटतं. तसं ते नाही. 2002 साली सर गॅरेथ रॉबर्ट्स यांनी ब्रिटिश सरकारला विज्ञान-अभियांत्रिकीतल्या मनुष्यबळाबद्दल एक अहवाल दिला. पीएचडी झालेली मुलं आपल्या विषयात पक्की असतात, पण लॅबबाहेरच्या कामाला लागणारी तयारी त्यांच्याकडून कोणी करून घेत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याला वर्षाकाठी निदान दोन आठवडे असं प्रशिक्षण मिळावं, ही त्यांची शिफारस. त्यासाठी विद्यापीठांना वेगळा निधी मिळाला. तो 2011 मध्ये थांबला, पण त्यातून रुजलेले अभ्यासक्रम आणि उपक्रम राहिले. तुमचा आठवडा त्याच परंपरेतला आहे, त्यामुळे सुपरवायझरांना सांगताना चोरी केल्यासारखं तोंड करू नका.

आणि गरज आहे म्हणूनच हे सगळं आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने 2010 मध्ये विज्ञानातल्या पीएचडीधारकांचं पुढे काय होतं याचं एक चित्र छापलं होतं. शंभरातले 53 जण पीएचडीनंतर विज्ञानाबाहेरच्या कामाकडे वळतात. विद्यापीठात संशोधनाच्या कायम जागेवर पोचतात ते 3.5 टक्के, आणि प्रोफेसर होतात ते 0.45 टक्के. (ब्रिटनमध्ये प्रोफेसर म्हणजे सगळ्यात वरची पायरी, आपल्यासारखं कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्यांना म्हणत नाहीत.) चित्र जुनं आहे, तरी त्याचा रोख बदललेला नाही. असं असून लॅबमध्ये बोलणं काय चालतं? पेपर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी), ग्रँट. कारण आपल्या आजूबाजूला असतात ते सगळे तिथे थांबलेले लोक. बाहेर पडलेले 53 जण आपल्याला भेटणार कुठे? तर ते या आठवड्यात पॅनेलवर येऊन बसतात.

आता वशिल्याचं. ही भीड मी ओळखते, मध्यमवर्गीय मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना ती असते. पण वशिला लावताना आपण समोरच्याला म्हणतो, माझ्यासाठी वजन टाका. इथे तुम्ही कोणाकडे वजन मागत नाही, माहिती मागता. मार्क ग्रानोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. कारण सरळ आहे. तुमच्या लॅबमेटला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, दोघे तेच ईमेल वाचता. जुजबी ओळखीचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो. पुढे 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांचा पाच वर्षांचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या साधारण विरळ ओळखी: अगदी परक्या नाहीत आणि अगदी घरोब्याच्याही नाहीत. कॉफीच्या रांगेत होते ती नेमकी अशी ओळख.

आणि खरं तर ओळख काढण्यात आपण कच्चे नाही. सांगलीहून पुण्याला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंशी कराड यायच्या आत गाव, माहेर आणि एखादं लांबचं नातंही निघतं. तिथे आपल्याला संकोच वाटत नाही, कारण आपल्याला त्या माणसाबद्दल खरोखर कुतूहल असतं. इथेही तेवढंच लागतं.

माझ्या बाबतीतलं सांगते. करिअरच्या एका सत्राला एका पेटंट फर्ममधल्या बाई आल्या होत्या. त्यांनी स्लाइड लावलीच नाही. शॅम्पूच्या बाटलीचा पंप टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "समजा हा जगातला पहिला पंप आहे. याचं वर्णन एका वाक्यात करा, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्याची नक्कल करता येणार नाही." आम्ही लिहिलं. त्या एकेकाचा कागद घेऊन शब्द खोडत गेल्या. "प्लास्टिकचा कशाला लिहिलंत? उद्या कोणी धातूचा केला तर सुटला की." "शॅम्पूसाठी? मग हँडवॉशवाला मोकळा." खोडता खोडता शेवटी स्प्रिंग, झडप आणि नळी एवढंच उरलं, आणि ते वाक्य मात्र कुठूनही फोडता येईना. मला ते इतकं आवडलं की सत्र संपल्यावर मी थांबले आणि त्यांना विचारलं, सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही नेमकं काय करत असता? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा युरोपियन पेटंट ऑफिसच्या परीक्षकाचं आक्षेपाचं पत्र समोर असतं, जुनी कागदपत्रं काढून त्याला मुदतीत उत्तर लिहायचं असतं. दिवसभर वाचन आणि लेखन. "हाताने काही केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी या वाटेला येऊ नये," हेही त्यांनीच सांगितलं. नोकरी करत करत परीक्षा द्याव्या लागतात आणि त्यात साधारण चार-पाच वर्षं जातात, हेही तेव्हाच कळलं. यातलं काही व्याख्यानात नव्हतं.

म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह हा: व्याख्यान संपल्यावर लगेच उठून जाऊ नका. खरं काम पुढच्या वीस मिनिटांत होतं. तुमचा दिवस कसा जातो, या कामातलं काय नको वाटतं, तुमच्याकडे अलीकडे कोणा पीएचडीवाल्याला घेतलं तर त्याच्यात काय पाहिलं, असं विचारा. "जागा आहे का" हे पहिल्या भेटीत विचारू नका. त्या माणसाच्या हातात बहुधा ते नसतं, तो अवघडतो आणि बोलणं तिथेच थांबतं.

स्वतःबद्दल काय सांगायचं, त्याची मात्र घरी तयारी करा. "मी मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क्सच्या पोस्ट-सिंथेटिक मॉडिफिकेशनवर काम करते" असं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि कॉफीकडे बघतो. "मी असे स्फटिक बनवते ज्यांच्या आत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, आणि कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकवता येतो का ते बघते" असं म्हटलं की तो पुढचा प्रश्न विचारतो. तुमच्या आठवड्यात ‘थ्री मिनिट थेसिस’ असेल तर त्यात नाव द्या. तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, आणि श्रोते तुमच्या विषयाबाहेरचे. ही स्पर्धा 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. तिथे तेव्हा दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ करत, आणि त्यावरूनच तिथल्या डीनना ही कल्पना सुचली. बक्षीस मिळो न मिळो, ती तीन मिनिटं बसवताना आपण नक्की काय करतोय हे आपलं आपल्यालाच लख्ख होतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमात पहिली पाच मिनिटं जड जातात, सगळ्यांनाच. दोघे जण अगदी समोरासमोर उभे राहून बोलत असतील तर तिथे शिरू नका. तिघे-चौघे सैलसर उभे असतील तिथे जाऊन थांबा, ते आपोआप सरकून जागा करतात. वाइन घेत नसाल तर हातात संत्र्याचा रस पुरे, कोणी विचारतसुद्धा नाही. आपलं नाव सावकाश, दोनदा सांगितलं तरी चालेल. आणि निघताना "तुमचा वेळ दिलात, आभारी आहे, मी जरा पोस्टर बघून येते" एवढं म्हणून खुशाल निघा, तिथे त्याचा राग मानत नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांच्या आत लिंक्डइनवर निरोप पाठवा, आणि त्यात तुमच्या बोलण्यातली एखादी खूण घाला. मी त्या बाईंना शॅम्पूच्या पंपाबद्दल लिहिलं होतं. नुसती रिक्वेस्ट पाठवली तर आठवड्याभराने तुम्ही कोण हे त्यांना आठवणार नाही.

आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना व्हिसाचा प्रश्न आहेच. तो लपवू नका, पण त्याने सुरुवातही करू नका. पीएचडीनंतर ग्रॅज्युएट व्हिसावर तीन वर्षं राहता येतं आणि त्या काळात कंपनीला स्पॉन्सर व्हावं लागत नाही. ही गोष्ट कितीतरी छोट्या कंपन्यांच्या गावीही नसते, ती तुम्हीच सांगायला हवी. ज्या कंपनीचा माणूस येणार आहे तिच्याकडे स्पॉन्सरशिपचा परवाना आहे का, हे ब्रिटिश गृह खात्याच्या जाहीर यादीत आदल्या रात्री पाहून ठेवा, म्हणजे त्या माणसाला तेच विचारण्यात वेळ जाणार नाही.

काय सोडलं तरी चालेल? वेळेचं नियोजन, ताणतणाव, सीव्ही कसा लिहावा, ही सत्रं वर्षभर कुठे ना कुठे असतात. सीव्हीसाठी तर करिअर सेवेत वेळ घेऊन एकट्याने बसलेलं जास्त बरं, तिथे तुमचाच कागद समोर ठेवून बोलतात. जिवंत माणसं येणार आहेत ती सत्रं धरा, आणि त्यातही आपल्याला ज्या कामाची कल्पनाच नाही असं एक तरी निवडा: औषध नियामक संस्था, नियतकालिकाचं संपादन, ब्रिटिश संसदेला विज्ञानविषयक टिपणं लिहून देणारं ‘पोस्ट’ (POST) नावाचं कार्यालय. त्या कार्यालयात पीएचडी चालू असताना तीन महिन्यांच्या फेलोशिप असतात. त्यांच्या अटी फंडिंगप्रमाणे वेगवेगळ्या असतात, तेवढ्या आधी वाचा.

आणि सुपरवायझरांना आजच सांगा, कुठल्या दिवशी किती ते किती नसाल ते. मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचा कॉलम लावायचा दिवस किंवा एनएमआर यंत्रावरचा स्लॉट त्याप्रमाणे पुढेमागे करता येतो. फक्त त्याच आठवड्यात डायमंड सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या तिथल्या मोठ्या यंत्रावर, बीमटाइम (प्रयोगाची ठरलेली वेळ) मिळालेला असेल, तर बीमटाइमला जा. तो पुन्हा मिळायला महिनोन्महिने जातात.