विद्यापीठात कायदा कसा शिकवला जातो यावर प्रबंध करायचाय. दोनशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली तर चालेल का?

चालेल. मंजूरही होईल. पण हाती फारसं काही लागणार नाही. त्याच खड्ड्यात पडून आलोय म्हणून सांगतो.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: ‘तुमच्याकडे केस मेथडने शिकवतात का?’ बहुतेकांनी ‘हो’वर खूण केली आणि मी खूश झालो. नंतर सहज काही जणांशी बोललो. एकाच्या लेखी केस मेथड म्हणजे सरांनी कलमाखाली तीन खटल्यांची नावं लिहून देणं. दुसरीच्या लेखी आदल्या रात्री आख्खं निकालपत्र वाचून येणं आणि तासाला उलटतपासणीला तोंड देणं. दोघांचं ‘हो’ माझ्या तक्त्यात एकाच रकान्यात बसलं होतं.

या शब्दाचा उगम माहीत असला की घोळ कळतो. क्रिस्टोफर लँगडेल 1870 मध्ये हार्वर्डच्या विधी विभागाचे डीन झाले आणि 1871 मध्ये त्यांनी करार कायद्यावरच्या निकालांचं संकलनच पाठ्यपुस्तक म्हणून आणलं. नियम आयता सांगायचा नाही, विद्यार्थ्याने तो निकालातून काढायचा, अशी ती कल्पना. म्हणजे पद्धत खटल्यांच्या यादीत नाही, तासाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आहे. 1933 मध्ये अमेरिकन कायदेतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी यावरच तोफ डागली: नुसती वरच्या कोर्टाची निकालपत्रं वाचून वकील घडतो का? अशील, साक्षीदार, खालचं कोर्ट कुठे गेलं? डॉक्टर जसे रुग्णासमोर शिकतात तसं कायद्याचं क्लिनिक हवं, असं त्यांचं म्हणणं. हा वाद अजून मिटलेला नाही. तुमचा विषय त्याच्याच पोटातला आहे.

म्हणून माझा सल्ला: वर्गात जाऊन बसा. कायद्याच्या प्राध्यापक आणि मानववंशशास्त्रज्ञ एलिझाबेथ मर्ट्झ यांनी अमेरिकेतल्या आठ विधी महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे करार कायद्याचे तास सत्रभर ध्वनिमुद्रित करून अभ्यासले. 2007 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. तुमची धाव एवढी नको. एक विषय, दोन शिक्षक, एकच घटक, पाच-सहा तास पुरे.

मी करार कायद्यातलं ‘प्रस्ताव आणि स्वीकृती’ (करार कसा जुळतो) घेतलं होतं. इंग्लंडमधला कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला आठवत असेल: आमचं उपकरण वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, अशी जाहिरात, कार्लिल बाईंना फ्लू झाला, कंपनी फिरली, 1892 मध्ये अपील कोर्टाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या वर्गात हे चार मिनिटांत उरकलं: ‘जाहिरात हा प्रस्ताव असू शकतो, लिहून घ्या.’ दुसऱ्या वर्गात मॅडमनी विचारलं, ‘बँकेत 1000 पौंड ठेवलेत, हे कंपनीने जाहिरातीत का छापलं असेल?’ कोणीच बोलेना. मी घड्याळ पाहिलं: नऊ सेकंद. (वर्गात नऊ सेकंद म्हणजे युग असतं, बहुतेक शिक्षक दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतात.) मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘थट्टा करत नाही हे दाखवायला.’ लगेच पुढचा प्रश्न: ‘आणि ठेवलेच नसते तर?’ पुढची पंचवीस मिनिटं त्यावरच गेली.

प्रश्नावलीत हे दोन्ही तास ‘केस मेथड’च ठरले असते. पण खरा धक्का प्रश्नपत्रिकेने दिला. दोन्ही वर्गांना एकच पेपर, आणि त्यात ‘टीप लिहा: सर्वसाधारण प्रस्ताव’ (म्हणजे त्या जाहिरातीसारखा, कोणा एकाला नाही तर सगळ्यांना केलेला). परीक्षेच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गातली मुलं पहिल्या वर्गाच्या नोट्स झेरॉक्स करत होती! त्यांचं काय चुकलं? तेव्हा गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि तासांच्या नोंदींशेजारी ठेवून वाचा. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवर मात्र वेळ घालवू नका, तिथे सगळीकडे सगळं उत्तमच असतं.

शिक्षकांशी चर्चा करताना ‘तुम्ही कसं शिकवता?’ असं विचारू नका. ‘संवादात्मक’ असंच उत्तर येतं आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्याच तासाचं एक पान शब्दशः लिहून पुढे ठेवा आणि विचारा, ‘इथे तुम्ही थांबलात ते का?’ त्या मॅडम माझ्याशी या एका प्रश्नावर तासभर बोलल्या. अर्थात लेखी परवानगी आधी घ्या, नावं गाळा, आणि हे मूल्यमापन नाही हे स्पष्ट सांगा. नाहीतर तुम्ही बसलेल्या दिवशी खास तास होतो.

परदेशांशी तुलनेचा मोह होईल, तो जपून. अमेरिकेत आधी एक पदवी घेऊन मग कायदा शिकतात, इंग्लंडमध्ये बारावीनंतर थेट जाता येतं, फ्रान्स-जर्मनीत सुरुवात खटल्यांपासून नाही, संहितेपासून (कलमवार लिहिलेल्या कायद्यापासून) होते. एकच शब्द तिन्हीकडे लावलात तर माझ्या रकान्यासारखंच होईल.

प्रश्नावल्या छापून झाल्या असतील तर फेकू नका. मागची बाजू कोरी असते, तासाच्या नोंदींना बरी पडते.