एल्डोरा, नॉक्सव्हिल की विल्यम्स ग्रोव्ह: स्प्रिंट कारची शर्यत बघायला आणि चालवायला मातीचा कुठला ट्रॅक बरा?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, पुढच्या मोसमात स्प्रिंट कारची (उघड्या चाकांची, वर मोठी पंखासारखी विंग लावलेली हलकी रेस कार) एखादी मोठी शर्यत बघायचीय, मेहुण्याला पुढेमागे स्वतः चालवायचीही हौस आहे, आणि या तिघांपैकी निवड होत नाहीये. इथवर ठीक. पण शेवटी टाकलंत, "तिन्ही अर्ध्या मैलाचेच, तिन्ही मातीचेच, मग बँकिंग सोडून फरक तो काय?" हे उत्तर खरं तर त्या शेवटच्या ओळीसाठी आहे.

बँकिंगवाले, म्हणजे ट्रॅकच्या आडव्या उतारालाच सगळं मानणारे, मला नवीन नाहीत. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत, त्यांच्या लेखी ओहायोतलं एल्डोरा सोडलं तर बाकी सगळी जत्रेची मैदानं. (नॉक्सव्हिल खरोखरच जत्रेचं मैदान आहे, आयोवातल्या मॅरियन काउंटीचं. त्यात कमीपणा काय ते मला अजून कळलेलं नाही.) त्यांचा मुद्दा असा: एल्डोराला वळणांवर २४ अंशांचा उतार आहे, सरळ भागावरही ८, म्हणून वेग जास्त, म्हणून शर्यत भारी. पहिली दोन विधानं बरोबर. अर्धा मैल तोच, पण एल्डोराची चांगली फेरी तेरा सेकंदांच्या आसपास आणि नॉक्सव्हिलची पंधराच्या आसपास. तिसरं विधान साफ चूक. माती ओली आणि पकडीची असेल तर तीव्र उतारावर चोवीसच्या चोवीस गाड्या पूर्ण थ्रॉटलवर फिरतात आणि कुणीच कुणाला ओलांडत नाही. ओलांडायचं तर पुढच्याला थ्रॉटलवरून पाय उचलावा लागला पाहिजे आणि मागच्याला दुसरी वाट मिळाली पाहिजे. या दोन्ही गोष्टी माती देते, उतार नाही.

मातीचं काम शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी सुरू होतं. वरचा थर डिस्कने फोडायचा, पाणी मारायचं, मुरू द्यायचं, पुन्हा मारायचं. ओल चार-पाच इंच खाली गेली पाहिजे. घाईत टँकर फिरवला की वर इंचभर चिखल आणि खाली कोरडी फरशी. असा ट्रॅक संध्याकाळी सहाला झकास दिसतो. पहिल्या दोन हीटमध्ये (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या शर्यती) तो चिखल उडून पहिल्या पाच रांगांच्या नाचोजवर जातो आणि आठ वाजता खालची फरशी चमकायला लागते. मुरल्यावर वाफसा येईपर्यंत थांबायचं, मग ग्रेडर, मग शीपफूट रोलर (खुरांसारख्या खुंट्यांचा रूळ), मग सपाट रूळ. रूळ लवकर फिरवला तर वरचं तोंड बंद होतं, आत पाणी अडकतं, आणि गाड्यांचं वजन पडलं की वळणाच्या तोंडाशीच खड्डे पडतात. शेवटी रेस कारच सावकाश फिरवून माती दाबून घेतात. त्याला व्हील पॅकिंग म्हणतात. प्रेक्षक तेव्हा पार्किंगमध्ये असतात, पण रात्रीची शर्यत कशी होणार हे तिथे अर्धंअधिक ठरलेलं असतं. काही ठिकाणी ओल धरून ठेवायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात. धूळ कमी होते हे खरं, पण ते ॲल्युमिनियम खातं. त्यामुळे मेहुण्याला सांगा, गाडी त्याच रात्री धुवायची, रविवारी सकाळी नाही.

मग रात्र चढते तशी माती बदलत जाते. पात्रता फेऱ्यांना पकड सर्वांत जास्त, म्हणून ज्याच्या चिठ्ठीत लवकरचा नंबर निघाला त्याचं नशीब. उशिरा निघणाऱ्याला त्याच गाडीत काही दशांश सेकंद सहज जास्त लागतात. पुढे खालची वाट गुळगुळीत होते, आणि मागच्या उजव्या चाकांनी उडवलेली मोकळी माती बाहेरच्या बाजूला बांधासारखी साचते. ते कुशन. चालक मागचं उजवं चाक त्याला टेकवून वळण घेतो. चाक कुशनवर टेकलं तर वेग, त्याच्या वरून गेलं तर गाडी उलटी. ऊन उतरल्यावर खालची ओल थोडी वर येते आणि मधली वाटही कधी कधी उघडते. खरी मजा त्या तासाभराची. ओल पूर्ण संपली की टायरचं रबर मातीला लागतं, एकच काळा पट्टा तयार होतो, सगळे त्याच्यावर, आणि ओलांडणं बंद. पट्ट्यावर मागचा उजवा टायर झरझर झिजतो, आणि आघाडीवरची गाडी शेवटच्या पाच फेऱ्यांत टायर फुटून बाहेर गेली तर त्याला केवळ दुर्दैव म्हणू नये. पट्टा दिसल्यावरही चालक मऊ टायर लावून ट्रॅकवर उतरलेला असतो.

गाडीची जुळणी याच क्रमाने बदलत जाते. ओल्या ट्रॅकवर वरची विंग पुढे आणि जरा सपाट, गुळगुळीत झाल्यावर मागे आणि उभी. विंग पुढे-मागे सरकवणं चालक बसल्या जागी हायड्रॉलिकने करतो, म्हणून शेवटच्या फेऱ्यांत विंगा मागे सरकताना दिसतात. हवा मागच्या डाव्या टायरात ४ ते ६ पीएसआय, उजव्यात ८ ते १२ आणि दोन्हींच्या घेरात साधारण १० ते १५ इंचांचा फरक, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे वळू पाहते. हा फरक फार ठेवला तर लांब सरळ भागावर स्टिअरिंगशी भांडत बसावं लागतं. चिखलाच्या रात्री चाकांच्या आतली पोकळी मड प्लगने बंद करायची. नाहीतर एका बाजूला किलो-दोन किलो माती चिकटते, चाक असंतुलित होतं, आणि चालकाला वाटतं की एक्सलच वाकला. रेडिएटरची जाळी गाडी ट्रॅकवरून परत आली की दर वेळी साफ. हेल्मेटच्या काचेवरचे टेअर-ऑफ (माखले की ओढून काढायचे पारदर्शक पापुद्रे) हीटपेक्षा मुख्य शर्यतीला जास्त लावायचे, आणि तेही आतला आधी निघणार नाही अशा क्रमाने. हे ऐकायला बावळटासारखं वाटतं, पण एका हिसक्यात चारही निघून गेले की उरलेली शर्यत अंदाजाने चालवावी लागते.

आता तीन ट्रॅक.

नॉक्सव्हिलची माती काळी, झूक जातीची, नदीकाठच्या गाळाची. आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच फुगणारी आणि भेगाळणारी: ओली असताना चपलेला सोडत नाही, सुकली की कडक. म्हणूनच तिथे रात्र जसजशी वाढते तसा ट्रॅक एकदम वेगळा होतो, आणि तो वाचणारा जिंकतो. स्टीव्ह किन्सरने तिथलं नॅशनल्स (स्प्रिंट कारची तिथली सर्वांत मोठी वार्षिक स्पर्धा) १२ वेळा जिंकलं, डॉनी शाट्झने ११ वेळा. नुसत्या वेगावर हे होत नाही. नॅशनल्स १९६१पासून, ऑगस्टमध्ये, शनिवारी ५० फेऱ्यांची अंतिम शर्यत. प्राथमिक रात्री पात्रता, हीट आणि मुख्य शर्यत यांचे गुण जोडले जातात आणि वेगवान गाडीला हीटमध्ये मागून सुटावं लागतं. प्रेक्षकासाठी यापेक्षा चांगली रचना मी पाहिलेली नाही, कारण इथे वेगवानाला ओलांडून दाखवावंच लागतं. ट्रॅक रुंद, वळणं गोलसर, वरची आणि खालची अशा दोन्ही वाटा चालतात. दुसऱ्या वळणाबाहेर स्प्रिंट कारचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, दुपार तिथे सहज जाते. डी मॉइनपासून तासाभरात पोहोचता. नॅशनल्सच्या आठवड्यात हॉटेल मात्र विसरा, तंबू किंवा डी मॉइन.

एल्डोरा अर्ल बाल्ट्सने १९५४मध्ये सुरू केला, २००४पासून शर्यतपटू टोनी स्टुअर्टकडे आहे. तिथली अडचण कुशनची. उतारामुळे ते थेट काँक्रीटच्या भिंतीपर्यंत चढतं, मग सर्वांत वेगवान वाट भिंतीपासून हातभर. बघायला थरारक, यात वाद नाही. चालकाला मात्र चुकीला जागा शून्य, आणि टेकवलेलं मागचं टोक म्हणजे मोडलेला एक्सल. जुलैतल्या किंग्ज रॉयल या स्प्रिंट कारच्या शर्यतीला (१९८४पासून) विजेत्याला मुकुट आणि झगा घालून सिंहासनावर बसवतात. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना शोभेल असा प्रकार, मला आवडतो. पण खरं विचाराल तर एल्डोरा लेट मॉडेलचा (चाकं झाकलेल्या, पूर्ण बॉडीच्या रेस कारचा) ट्रॅक आहे. १९७१पासून सप्टेंबरात होणारी वर्ल्ड १०० बघा. त्या जड, विंग नसलेल्या गाड्या आधी पाय उचलतात, म्हणून तिथे खाली-वर दोन्हीकडे लढत होते. स्प्रिंट कारला तोच ट्रॅक बऱ्याचदा एका वाटेचा होतो.

विल्यम्स ग्रोव्ह, पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गजवळ, १९३९पासूनचा. लांब सरळ भाग, आवळलेली वळणं. इथे ओलांडणं अवघड, सुरुवातीची जागा अर्धी शर्यत जिंकून देते. सरळ भागाच्या शेवटी पाय कधी उचलायचा यावर सगळं, आणि नवखा तिथेच उशीर करतो. मग बाहेरून येणारे आउटलॉज (देशभर फिरणाऱ्या मालिकेचे चालक) आणि पॉसी म्हणवणारे स्थानिक चालक यांचं वैर कशाला गाजतं? कारण स्थानिकांना कुठल्या रात्री कुठल्या फेरीला खालची वाट मरते हे पाठ असतं. पुन्हा मातीच.

बसायचं कुठे? उजवं मागचं चाक माती बाहेर फेकतं, म्हणून वळणाच्या तोंडाशी खालच्या रांगा टाळा. चौथ्या वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागी, वरच्या पाच-सहा रांगांत. वारा कुठून आहे ते झेंड्याकडे बघून ठरवा, धूळ त्याच दिशेने येणार. पोरांना कानावर मफ, कापसाचे बोळे नाहीत. शर्यतीनंतर पिट्स (गाड्या तयार करायची जागा) बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांना उघडतात. तिथे टायर बघा: उजव्या मागच्याचा पृष्ठभाग कुरतडल्यासारखा असेल तर ट्रॅकला पकड होती, गुळगुळीत काळा असेल तर रबर लागलं होतं.

तुम्ही न्यू जर्सीत, म्हणून पहिली शर्यत बघायला विमान करू नका. शुक्रवारी विल्यम्स ग्रोव्ह, तीनेक तासांचा रस्ता. शनिवारी अॅबट्सटाउनचं लिंकन किंवा पोर्ट रॉयल. लिंकन तीन अष्टमांश मैलांचं, जवळून बघायला उत्तम. पोर्ट रॉयल अर्ध्या मैलाचं, ऐसपैस, आणि ओलांडण्यासाठी ग्रोव्हपेक्षा सरस. वाटेत यॉर्क हेवनजवळ बॅप्स मोटर स्पीडवे अशी पाटी दिसली तर चप्पल काढायची गरज नाही. ते नाव स्वामिनारायण मंदिरांच्या संस्थेचं नाही, मोटारींचे रंग विकणाऱ्या कंपनीचं आहे.

मेहुण्याने यातल्या एकाही ट्रॅकवर सुरुवात करू नये. मोठ्या वर्गाचं नवं ४१० (घन इंचांचं) इंजिनच पन्नास हजार डॉलरच्या वर जातं. ६०० सीसी बाइक इंजिनाची मायक्रो स्प्रिंट घ्यावी, जोन्सटाउनच्या लिंडाज स्पीडवेसारख्या छोट्या ट्रॅकवर दोन मोसम काढावेत. कुशन, स्लिक (गुळगुळीत झालेली वाट), रबर हे सगळं तिथेही आहे, फक्त भिंतीचं बिल लहान. मग ३५८ घन इंचांच्या इंजिनांच्या वर्गात लिंकन. ग्रोव्ह त्यानंतर, एल्डोराचा विचार बराच नंतर.

काही गोष्टी वर लिहायच्या राहिल्या. पाऊस पडला तर रेनचेक (पुढच्या शर्यतीचा प्रवेश) मिळतो की पैसे, हे तिकिटावर वाचून घ्या, प्रत्येक ट्रॅकचं वेगळं असतं. दुपारी चारला पाऊस थांबला तर शर्यत बहुधा होते, पण माती जड असते, म्हणजे वर सांगितलेली एका वाटेची रात्र. आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी नॉक्सव्हिललाही रबर लागतं, तेव्हा मला शिव्या घालू नका.

आमच्या त्या एल्डोरावाल्या गृहस्थांनी हे वाचलं तर एवढंच सांगावं: तिथे शुक्रवारी एकामागे एक मिरवणूक निघते आणि शनिवारी आघाडी सात वेळा बदलते, तेव्हा रातोरात उतार किती अंशांनी बदललेला असतो?