‘बद्द’ आणि ‘बद’ एकच का?

दापोलीहून प्रश्न आला आहे. पावसाआधी कौलं परतायला आलेल्या गड्याने एका कौलावर टिचकी मारली आणि ‘हे बद्द वाजतंय, बाजूला ठेवा’ म्हणाला. हा ‘बद्द’ म्हणजे बदनाम, बदसूर यांतला फारसी ‘बद’ का?

माझ्या मते नाही. ‘बद’ म्हणजे वाईट, आणि ते मराठीत बहुधा दुसऱ्या शब्दाला जोडूनच येतं. ‘बद्द’ स्वतंत्र उभा राहतो, तोही ‘वाजणे’, ‘आवाज’ यांच्याच सोबतीने. आमटी बिघडली तर तिला कुणी बद्द म्हणत नाही. मूळ अर्थ ‘वाईट’ असता तर शब्द नादापुरता अडकून राहिला नसता. एकाचे दोन ‘द’ झाले यावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण अरबी ‘बदल’चंही आपण ‘बद्दल’ केलंच आहे.

मला हा खणखण, ठणठण, धप्प यांच्या घरातला अनुकरणवाचक शब्द वाटतो. भाजलेलं अखंड कौल ठोकलं की नाद क्षणभर टिकतो. त्याला तडा असेल तर तड्याच्या कडा एकमेकींवर घासतात, कंपनं तिथेच मरतात, आणि उरतो तो तुटका ‘बद्द’. उच्चारही तसाच आहे: ‘द्द’वर जीभ दातांना टेकते आणि आवाज कोंडतो. शेजारी ‘खण’ म्हणून बघा, ‘ण’ लांबवता येतो. माठ घेताना आपण हेच ऐकतो. चांदीचा रुपया चालत होता तेव्हा दुकानदार तो दगडावर आपटून पारखायचे. खरा खणखणायचा, खोटा बद्द बोलायचा. ‘बद्द म्हणजे खोटं, वाईट’ ही छटा अशा पारखीतूनच चिकटली असावी.

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या भजनी मंडळींना हा शब्द फार लागतो. दमट हवेत पखवाजाचं कातडं ओल धरतं, सैलावतं, आणि थाप बद्द पडते. इथे तडा नाही, कातड्याचा ताण गेलेला असतो, तरी कानाला पडणारा फरक तोच: घुमारा नाही.

माणसाच्या गळ्यालाही तो चालतो, पण जपून वापरावा. सूर चुकला तर बेसूर, आवाज खरखरला तर घोगरा. सूर जागेवर असून नाद फुटत नसेल, पडशाने नाक चोंदल्यावर होतं तसा, तर तो बद्द.