एपिक, स्टीम, गॉग या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानांत फुकट मिळालेले गेम खरंच कायमचे आपले होतात का? आणि ते फुकट देऊन या दुकानांना काय मिळतं?

पैसे नंतर मागत नाहीत. मुदतीत खात्यात जोडलेला गेम मुदत संपल्यावरही खात्यात राहतो, आणि विकत घेणाऱ्याला जो परवाना मिळतो तोच तुम्हालाही मिळतो. पण 'फुकटचं ते काय खरं' आणि 'मी स्टीमशिवाय कुठे खातं उघडणार नाही' असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्टीमच घ्या, कारण लोक सर्वांत जास्त तिथेच फसतात. तिथे दोन प्रकार शेजारीशेजारी दिसतात. एकात किंमत शंभर टक्के कापलेली असते, अमुक तारखेच्या आत घेतलात तर कायमचा तुमचा असं लिहिलेलं असतं आणि बटण 'अॅड टू अकाउंट' असतं. तो तुमचा झाला. दुसरा 'फ्री वीकेंड'. तिथे बटण 'प्ले गेम' असतं, गेम लायब्ररीत येतो, पूर्ण डाउनलोड होतो आणि मुदत संपली की उघडत नाही. डेटा पॅकवर 60 जीबी उतरवून मग हे कळलं तर चिडचिड होणारच. बटणावर काय लिहिलंय ते वाचा, बाकी काही नाही. स्टीमच्या बहुतेक मुदती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या सकाळी दहाला संपतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा.

एपिकचं वेळापत्रक पक्कं आहे. दर गुरुवारी नवा गेम. मार्च ते नोव्हेंबर रात्री साडेआठला, बाकीच्या महिन्यांत साडेनऊला. पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला तो जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात रोज एक गेम देतात आणि तो चोवीसच तास असतो, तेव्हा 'रविवारी बघू' चालत नाही. घेण्यासाठी लाँचर (कॉम्प्युटरवर टाकायचं एपिकचं अॅप) लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरमधूनही होतं. कार्डही लागत नाही. गेमच्या पानावर 'गेट', मग एकूण रक्कम शून्य दिसली की 'प्लेस ऑर्डर'. हे दुसरं बटण दाबायचं राहिलं तर काहीच झालेलं नसतं. विशलिस्टमध्ये किंवा कार्टमध्ये टाकून निघून जाणारे पुष्कळ. गुरुवार उलटला की कार्टमधल्या त्याच गेमवर पूर्ण किंमत दिसते. शून्य रुपयांच्या पावतीचा मेल आला तरच काम झालं असं समजा.

'प्लेस ऑर्डर' दाबल्यावर नुसतंच चक्र फिरत राहिलं तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्या साइटपुरतं बंद करा, व्हीपीएन बंद करा, पान पुन्हा उघडा. कॅप्चाची (तुम्ही माणूसच आहात ना, हे तपासणारी) खिडकी त्या एक्स्टेन्शनमुळे दिसतच नाही, हेच कारण बहुतेक वेळा असतं. आणि 'माझे गेम गायब झाले' ही जी तक्रार सारखी वाचायला मिळते, तिचं मूळ सहसा दोन खात्यांत असतं. एकदा ईमेलने लॉगिन केलेलं, दुसऱ्यांदा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या बटणाने. ती बटणं आधीच्या खात्याला जोडलेली नसली तर एपिक गुपचूप नवं खातं तयार करतं. लायब्ररी रिकामी दिसली की घाबरू नका, बाहेर पडा आणि दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा. मेलमधल्या जुन्या पावत्या शोधल्या की खरं खातं कोणतं ते कळतं. त्या पावत्या पुसू नका. खातं चोरीला गेलं तर ते तुमचंच आहे हे दाखवायला त्याच कामाला येतात.

गॉगवर फुकटचे गेम कमी, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे तिथलेच. मुदत साधारण 48 ते 72 तास. अडचण एकच: फुकट गेमची पट्टी मुखपृष्ठावर असते. गेमचं नाव शोधून थेट त्याच्या पानावर गेलात तर तिथे बहुधा नेहमीचीच किंमत दिसते आणि माणूस 'संपलं वाटतं' म्हणून परततो. मुखपृष्ठावर खाली सरकत जा, पट्टीवरचं बटण दाबा. त्यासोबत त्यांच्या जाहिरातींच्या मेलला संमती जाते, ती नंतर सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका.

आता 'कायमचे आपले' याचं खरं उत्तर. इथे मला 'द क्रू'बद्दल बोलावंच लागेल. युबिसॉफ्टचा हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. सप्टेंबर 2016 मध्ये कंपनीला 30 वर्षं झाली म्हणून तो पीसीवर महिनाभर फुकट वाटला. एकट्याने खेळायचा तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा. डिसेंबर 2023 मध्ये विक्री थांबवली, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि त्यानंतर लोकांच्या लायब्ररीतला परवानाच काढून घेतला. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांचाही गेला आणि ज्यांना फुकट मिळाला त्यांचाही. यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू झाली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तेव्हा 'फुकटचं काढून घेतात, विकतचं राहतं' हा समज निखालस चूक आहे. इन्स्टॉलर हातात आहे की नाही आणि गेम सर्व्हरवर टेकलेला आहे की नाही, एवढंच बघायचं. स्टीमवरच्या विकतच्या गेमलाही हे लागू आहे. पैसे भरण्यापूर्वी तुम्ही फक्त परवाना घेताय असं ते 2024 पासून स्वतःच लिहून दाखवतात.

गॉगवर इन्स्टॉलर डाउनलोड करता येतो: लायब्ररी, गेम, 'ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर्स'. मोठा गेम असेल तर एक एक्सई आणि अनेक बिन फाइली मिळतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका; एक जरी बिन अर्धवट उतरली तर इन्स्टॉल मध्येच थांबतं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलंत की दुकान राहो न राहो. एपिकचेही कित्येक गेम लाँचरशिवाय चालतात. तपासायला गेम इन्स्टॉल करून एकदा सुरू करा, मग लाँचर आणि इंटरनेट दोन्ही बंद करून फोल्डरमधली एक्सई थेट चालवा. चालला तर तो फोल्डर कॉपी करून ठेवण्यालायक आहे.

दुकानांना काय मिळतं? खाती. एपिकने अॅपलवर केलेल्या खटल्यात 2021 मध्ये कागदपत्रं उघड झाली. डिसेंबर 2018 पासूनच्या पहिल्या नऊ महिन्यांत 38 गेमसाठी एपिकने सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलर मोजले आणि त्यातून जवळपास 50 लाख नवी खाती मिळाली. पहिलाच गेम 'सबनॉटिका', त्याचे 14 लाख डॉलर. म्हणजे 'फुकट गेम घेऊन तुम्ही बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय देता' हा आरोप टिकत नाही. त्यांना ठोक रक्कम आधीच मिळालेली असते आणि बहुतेक वेळा तीच त्यांनी मान्य केलेली असते. (काहींना शून्यही मिळालं आहे, उदाहरणार्थ 'मेट्रो 2033 रिडक्स', पण तो त्या प्रकाशकाने केलेला सौदा.) उलट विक्रीतून स्टीम सुरुवातीला 30 टक्के कापतं आणि एपिक जास्तीत जास्त 12. बनवणाऱ्यांची काळजी असलेल्या स्टीमनिष्ठांनी हा आकडाही बघावा. तिन्ही ठिकाणी खाती ठेवण्यात काहीच तोटा नाही. लायब्ऱ्या एकत्र बघायच्या तर विंडोजवर 'प्लेनाइट', लिनक्सवर एपिक आणि गॉगपुरतं 'हिरोइक'.

काही गोष्टी राहिल्या. अॅमेझॉन प्राइमसोबतचे गेम घेतल्यावर कधीकधी गॉगचा कोड मिळतो. तो कोड गॉगवर टाकेपर्यंत गेम तुमचा नाही आणि कोडलाही मुदत असते. प्लेस्टेशन प्लसचे मासिक गेम वर्गणी चालू असेपर्यंतच खेळता येतात, ते या हिशेबात धरू नका. एपिकवर 2020 मध्ये मिळालेल्या 'जीटीए 5' सारख्या गेमना वरून रॉकस्टारचाही लाँचर लागतो आणि डिस्कवर सुमारे 100 जीबी जागा; घेऊन ठेवायला जागा लागत नाही, इन्स्टॉल करायला लागते. प्रत्येक खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय) लावा. आणि डिस्कॉर्ड या चॅटच्या अॅपवर अनोळखी माणसाने 'फ्री स्टीम गेम' म्हणून दिलेल्या लिंकवरून लॉगिन कधीच करू नका. खरोखर फुकट असलेला गेम दुकानात स्वतः जाऊन शोधला की दिसतोच.