निदान झालं, प्रमाणपत्र कुठे आहे?

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत. राजीनाम्यावर सही करायला सांगणाऱ्या आधीच्या कंपनीवर दावा लावता येईल का? ऑटिझम असलेल्या प्रौढ माणसाला नोकरीत मदत कशाच्या आधारे मागता येते? वडील म्हणतात तसं, माझ्यासाठी कायदेशीर पालक नेमणारं पालकत्वाचं प्रमाणपत्र काढावं का? आणि ज्या सरकारी भरतीत ऑटिझमसाठी राखीव जागा आहे, तिचा अर्ज दिव्यांग कोट्यातून भरता येईल का? या शेवटच्या प्रश्नाला चोवीस दिवस उरले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही लिहिता, 'ऑटिझमचं निदान चार वर्षांपूर्वीच झालंय, रिपोर्ट जवळ आहे.' हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता वाचताना जीव तुटतो. खासगी मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट कितीही सविस्तर असला तरी तो दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं आरक्षण 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्यांसाठी आहे, म्हणजे किमान ४० टक्के, आणि तेही शासनाने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं. १९९५ च्या जुन्या कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. तो नव्या कायद्याने आला आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तुमचं निदान झालं तेव्हा अर्जाची वाट मोकळी होती. 'शिक्का नको' म्हणून घरच्यांनी रिपोर्ट कपाटात ठेवला. त्यांची भीती मला समजते, पण त्या चार वर्षांची किंमत आज तुम्ही मोजताय.

आता जाहिरातीतलं ते एक कलम उघडा, ज्यात प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो अर्जाचा अंतिम दिनांकच असतो. तुमचं सगळं प्रकरण या एका ओळीवर ठरणार आहे. नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी पूर्वी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. तुमच्याकडे चोवीस दिवस आहेत. 'प्रमाणपत्र नंतर जोडतो' हे चालेल असं धरून चालू नका. दिव्या विरुद्ध भारत सरकार या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र ठरल्या तारखेपर्यंत नसलेल्या उमेदवारांना दिलासा नाकारला. कुणीतरी तुम्हाला रामकुमार गिजरोया प्रकरणाचा २०१६ चा निकाल दाखवेल, त्यात ओबीसी प्रमाणपत्र उशिरा देऊनही चाललं होतं. पण जात जन्माने ठरते आणि टक्केवारी तपासणीनंतर ठरते. तुमच्या बाबतीत त्या निकालावर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही.

तेव्हा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी असलेल्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर आजच अर्ज करा आणि उद्या जिल्हा रुग्णालयात जाऊन तपासणीची तारीख मागा. भरतीची जाहिरात सोबत न्या, निकड दिसली तर कधीकधी काम लवकर होतं. प्रमाणपत्र वेळेत हाती आलं तर कोट्यातून अर्ज भरा. नाही आलं तर खुल्या प्रवर्गातून भरा. प्रमाणपत्र नसताना दिव्यांगाच्या रकान्यात 'होय' लिहू नका, पुढे कागदपत्रांच्या तपासणीत उमेदवारीच रद्द होईल. शिवाय ज्या पदाला अर्ज करताय ते ऑटिझमसाठी योग्य ठरवलेलं आहे का, हेही जाहिरातीत बघा. सगळी पदं तशी नसतात.

ही भरती हुकली तरी प्रमाणपत्राचं काम सोडू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांना मिळून आहे. योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती जागा पुढच्या भरती वर्षात न्यावी लागते. प्रमाणपत्र देशभर चालतं. नाकारलं गेलं किंवा टक्के कमी लागले, तर कलम ५९ खाली अपील आहे. मात्र अपिलाची मुदत लगेच विचारून घ्या.

कंपनीचं म्हणाल तर तुमची बाजू कमकुवत आहे. एचआरने सांगितलं आणि तुम्ही राजीनाम्यावर सही केलीत, तीही कुणाला न विचारता. सात महिन्यांत ऑटिझमबद्दल एक ओळही लेखी दिली नाहीत. 'मॅनेजरला कळत होतं' हा पुरावा होत नाही. त्यात नोकरीत भेदभाव न करण्याची कलम २० मधली स्पष्ट सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. कलम ३ मधली भेदभावाची मनाई खासगी मालकाला कितपत लावता येईल, यावर युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर पैसे आणि वर्षं घाला असं मी सांगणार नाही. कलम २१ मात्र प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण ठेवायला लावतं, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात काय काय हवं ते नियमांत दिलंय. त्या धोरणाची प्रत ई-मेलने मागा. मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे अधिकार आहेत. पण ते शिफारस करतात, आणि सुनावणीच्या तारखा इतक्या लांबतात की तोवर माणूस दुसरीकडे कामाला लागलेला असतो. अनुभवाचं पत्र तेवढं आधी पदरात पाडून घ्या.

पुढची नोकरी लागेल तेव्हा हे पुन्हा होऊ देऊ नका. मदत मागायची ती लेखी आणि नेमकी. 'मला त्रास होतो' एवढ्याने मालकाला काय करायचं ते कळत नाही. 'तोंडी सूचनांनंतर त्याच ई-मेलने द्याव्यात, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवावेत, बसण्याची जागा वर्दळीपासून दूर असावी, कामाची वेळ अचानक बदलू नये' असं लिहा. कायद्यातली 'वाजवी सोय' म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकणारे बदल, आणि यातल्या बहुतेकांना खर्चच नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अशी सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते. गरज तुम्ही सांगितलीत तरच ती पाहिली जाईल. पत्राची पोच ठेवा.

पालकत्वाला माझा स्पष्ट नकार आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. ज्यांना स्वतःचे निर्णय घेणं खरोखर शक्य नाही त्यांच्यासाठी ती तरतूद मोलाची आहे. तुम्ही पदवीधर आहात, स्वतः पत्र लिहून चार नेमके प्रश्न विचारलेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम १३ तुम्हाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता देतं. नोकरीचा करार स्वतःच्या सहीने करू पाहणाऱ्याने ती आपण होऊन दुसऱ्याच्या हाती का द्यावी? नोकरीतल्या मदतीसाठी पालकत्वाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

वडिलांना दुखवू नका, त्यांची मदत दुसरीकडे हवी आहे. रुग्णालयातल्या तपासणीत तुमच्या लहानपणाबद्दल विचारतील: बोलायला कधी लागलात, इतर मुलांत मिसळत होतात का, शाळेत काय अडचणी आल्या. हे तुम्हाला आठवणार नाही, त्यांना आठवेल. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणि कपाटातला तो रिपोर्ट घेऊन त्यांना सोबत न्या.